हसऱ्या अस्वलाचे सर

सर कुलूप काढायच्या आधी दार ठोठावायचे. किल्ली त्यांच्याच हातात, कुलूप बाहेरून लागलेलं, आणि आतल्या मंडळींपैकी एकही जिवंत नाही, हे सगळं ठाऊक असून ठोठावायचे. मग थोडं थांबायचे, दाराला कान लावायचे आणि आमच्याकडे वळून हळू आवाजात म्हणायचे, "चला. झाले ते तयार."

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी मनात म्हटलं, बाई, आज तू फसलीस. माझ्यामागे अंगणवाडीची लेकरं एकमेकांच्या शर्टाची टोकं धरून उभी होती. त्यांच्या आयांना मी "प्राणी दाखवून आणते" एवढंच सांगितलं होतं. प्राणी दाखवणारा माणूस कसा आहे ते मलाही माहीत नव्हतं. लेकरांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. एक पोरगा माझा पदर ओढून म्हणाला, "कपडे घालून राहिले असन, बाई."

ती खोली पवनीतल्या एका जुन्या शाळेच्या मागच्या अंगाला होती, सायकलींच्या शेडच्या पलीकडे. कोण्या काळी शाळेकडे आलेले पेंढा भरलेले प्राणी, बरण्यांमधले साप, भिंतीवर चितळाची शिंगं, कपाटात कवट्या. सर त्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले तेव्हा सत्कार झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि खोलीची किल्ली परत मागायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. खरं तर मागून करणार काय? डांबरगोळ्यांच्या वासामुळे शिपाईसुद्धा तिथे झाडायला जायला तयार नसे. सत्काराची शाल पुढे कोल्ह्याच्या अंगावर दिसायची.

पवनीजवळच्या आमच्या गावात त्यांना 'तणसाचे सर' म्हणत. तणीस म्हणजे धान झोडपून झाल्यावर उरलेला वाळका पेंढा. दर पावसाळ्यात खोलीतल्या अस्वलाच्या पोटाची शिवण उसवायची, आणि धान निघालं की सर सायकलला पोतं अडकवून आमच्याकडे तणीस मागायला यायचे. मग ते पोटात ठासून स्वतःच दाभणानं शिवायचे. त्या हिशेबानं ते अस्वल अर्ध्याहून जास्त आमच्याच गावचं होतं.

असेच एकदा तणसासाठी आले असताना ते माझ्या अंगणवाडीत शिरले. मी एका पोराला खिचडी भरवत होते आणि घरोघरच्या आया म्हणतात तेच म्हणत होते, "खा लवकर, नाही तं वाघ येईन." बाहेर सायकलचा ब्रेक करकरला. एक उंच, वाळका, टोपी घातलेला माणूस दारात येऊन उभा राहिला.

"बाई, वाघाले खिचडी आवडत नाही."

मी पदर सावरून उठले.

"या लेकराशी त्याची पहिली ओळख तुम्ही अशी करून देऊन राहिले? हवालदारासारखी? त्यानं काय बिघडवलं तुमचं?" मग पोराकडे वळून म्हणाले, "तू जेव नाही तं नको जेवू. वाघाचा त्याच्याशी काही संबंध नाही." पोरानं लगेच तोंड मिटून घेतलं. खिचडी तशीच राहिली. सर मला म्हणाले, "आणा यांले माह्याकडे. मी नीट ओळख करून देतो." आणि पोतं घेऊन चालते झाले. त्या दिवशी मला त्यांचा असा राग आला होता की काही विचारू नका.

पण ओळख हा शब्द त्यांनी उगाच वापरला नव्हता. खोलीत ते प्राण्यांची माहिती सांगत नसत, ओळख करून देत. घरी पाहुणा आला की आपण नाव, गाव, घरी कोण कोण, असं सांगतो ना, अगदी तसं. "हा साळिंदर. राहायले बिळात. कंदमुळं खातो, पण खरा जीव तुझ्या बाबाच्या वावरातल्या भुईमुगावर. घरी बायको आहे, लेकरं आहेत. हे घुबड. रातपाळीले असते, म्हणून दिवसा चिडचिड करते." लेकरं मान डोलवत. ज्याचा बाप नागपूरला कंपनीत रातपाळीला होता, तो तर घुबडापुढून हलेचना.

खोटं मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. तीन-चार वर्षांचं पोर पहिल्यांदा हमखास विचारतंच, "हे जिते आहे का?" अशा वेळी आपण मोठी माणसं काहीतरी गोडगोड बोलून वेळ मारून नेतो. सर सांगत, "नाही. मेलं आहे. मरून खूप वर्षं झाली." कसं मेलं? अस्वल विहिरीत पडून. "शेतातली विहीर होती, तिले कठडा नव्हता. त्याले दिसलीच नाही." आमच्या गावची पोरं हे ऐकून एकमेकांच्या जवळ सरकत. बिनकठड्याची विहीर त्यांना दाखवावी लागत नव्हती.

त्यांचा ठरलेला धडा एकच, दातांचा. कपाटातून कवट्या निघत. एक चितळाची, एक वाघाची. लेकरांनी काहीही म्हणायच्या आधी सर सांगत, "आधी आपली जीभ आपल्या दातांवरून फिरवा. मागपर्यंत." सगळी खोली गाल फुगवून जीभ फिरवू लागे. "तू काय खातो?" "वरन-भात." "म्हणून तुहे दात वरण-भाताचे. याचे गवताचे. अन् याचे मटणाचे. यात चांगलं-वाईट काही नाही. ज्याचा जसा डबा, तसे त्याचे दात." मी तोवर बी.ए. होऊन चुकले होते, पण वाघाकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा डब्याच्या बाजूनं पाहिलं.

आता माझं सांगते. माझं माहेर दिघोरीकडचं. तिकडेही धानाचीच शेती, पण आमचं घर बाजाराच्या वाटेवर होतं, रात्रंदिवस उजेड. लग्न होऊन पवनीजवळच्या या जंगलकाठच्या गावी आले आणि भेदरून गेले. पालीला भ्यायची, कुत्र्याला भ्यायची, गोठ्यात काही खुडबुडलं की नवऱ्याला उठवायची. अशा बाईच्या हाती सरकारनं गावची लेकरं दिली. सरांनी पहिल्याच भेटीत हे ओळखलं असणार, कारण सगळ्यांत आधी त्यांनी मलाच अजगराच्या पिल्लाची बरणी हातात धरायला लावली. लेकरांसमोर नाही तरी कसं म्हणणार?

त्यांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी सांगायला लागले तर रात्र पुरायची नाही. आसगावच्या एका कार्यक्रमासाठी कोल्ह्याला ते एसटीनं घेऊन गेले. कंडक्टरनं विचारलं, "हे काय आहे जी?" "कोल्हा." "जिता का?" "नाही." "मंग ते सामानात धरावं लागन, वर ठेवा." सर म्हणाले, "सामान कसं? त्यानं खिडकी धरली आहे." कोल्हा शाल पांघरून खिडकीशी बसला आणि सर आसगावपर्यंत दांडा धरून उभे राहिले. शेजारची म्हातारी वाटभर कोल्ह्याशी बोलत होती, असं ते शपथेवर सांगत. त्यांच्या शपथांवर मी फारशी जात नाही, पण शालीला पानाचा डाग मात्र मी पाहिला आहे.

रागही तसाच. खोलीत कोणी मोठ्या माणसानं "बापरे, किती भयंकर!" म्हटलं की त्याला बाहेर काढत. कोणी अस्वलाच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायला लागला तर विचारत, "त्याले विचारलं का?" आणि उत्तर मिळेपर्यंत दिवा बंद.

अस्वल हे त्या खोलीचं दैवत होतं. मागच्या पायांवर उभं, काळं केसाळ, छातीवर पांढरा पट्टा. ज्यानं कोणी ते भरलं होतं, त्यानं जन्मात जिवंत अस्वल पाहिलं नसावं. त्यानं त्याचे ओठ असे वर ताणले होते की अस्वल हसत होतं. अगदी मनापासून, पाहुणे आल्यासारखं. सरांना ते हसू फार आवडायचं. खोलीत आलं की प्रत्येक लेकरानं अस्वलापुढे जायचं, हात जोडायचे, आपल्या घरी जे म्हणतात ते म्हणायचं, आणि मग त्याच्या पाठीवर हात फिरवायचा, असा त्यांचा रिवाज होता. कोणी "जय भीम, अस्वलदादा" म्हणे, कोणी "रामराम, अस्वलमामा". रडत आलेलं पोर हसत जाई. आम्ही दोघंही त्या रिवाजावर खूश होतो.

आमच्या अंगणवाडीत परी नावाची पोरगी होती. पाच वर्षांची, काळीसावळी, बडबडी. आईबाप पुण्याकडे कामाला, ही आजीजवळ. आजी धिप्पाड बाई, आवाज असा की तलावाच्या पाळीवरून हाक मारली तर गावात म्हशी वळत. चैतात मोह पडायला लागला की आमच्याकडे पहाटेच टोपल्या घेऊन सगळे मोहफुलं वेचायला जातात. आजीनं परीलाही नेलं.

मोहाची फुलं माणसांना हवी असतात तशी अस्वलांनाही हवी असतात. एका झाडाखाली आजी वाकून वेचत होती. परी दुसऱ्या झाडापर्यंत गेली, तर तिथे अस्वल, खाली मान घालून फुलं खात होतं. परी ओरडली नाही, पळाली नाही. तिनं हातातली फुलं खाली ठेवली, हात जोडले, म्हणाली, "जय भीम, अस्वलदादा. रामराम, अस्वलमामा," आणि पाठीवर हात फिरवायला पुढे निघाली.

आजीनं मान वर केली ती तिचा आवाज ऐकून. हातातली टोपली तिनं अस्वलाच्या दिशेनं फेकली आणि मधे धावली. अस्वल भुंकल्यासारखं ओरडून अंगावर आलं. आजीनं पोरीला मागे ढकललं आणि स्वतः मुळांवर आदळली. अस्वल तिथपर्यंत येऊन थांबलं, फुसफुसलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, वळून बांबूत शिरलं. आजीचा हात मनगटात मोडला. परीला खरचटलंही नाही.

गावानं विचारलं, दोन्ही काहून म्हटलं गं? परी म्हणाली, "थे कोनाच्या घरचं आहे मले का मालूम? म्हनून दोन्ही म्हनलं." माणसं हसली. हसून झाल्यावर मात्र सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी हाताला प्लास्टर, गळ्यात झोळी, अशी आजी माझ्या दारात. "चाल बाई, दाखव मले तुह्या सराची खोली." वाटभर ती एक शब्द बोलली नाही. ती बोलत नव्हती हेच भीतीचं होतं.

सरांनी नेहमीसारखं दार ठोठावलं. आजी म्हणाली, "हे का करून राहिले जी? आत कोन आहे?" सरांनी कुलूप काढून दार उघडलं. त्यांच्या कानावर सगळं आलं होतं. आजी आत गेली आणि थेट अस्वलापुढे उभी राहिली. कितीतरी वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"हा हसून राहिला," ती म्हणाली. "थो नोता हसत."

सरांनी टोपी काढली. म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, माय. चूक माही आहे."

"हात फिरवा म्हून सांगतलं तुमी लेकराले. अस्वलावर हात फिरवा! माहा हात गेला तं गेला. पोरगी गेली असती तं तिच्या मायले मी काय तोंड दाखवलं असतं?"

"माही चूक आहे."

आजी कडाकडा भांडायला आली होती. हा माणूस भांडेचना. ती माझ्याकडे वळून ओरडली, "सांग व यांले काही तरी बोलाले!" शेवटी ती म्हणाली, "माही नात आता इथं येनार नाई. अन् गावातलं एकबी लेकरू येनार नाई." आणि तसंच झालं. एकही आई पोराला पाठवायला तयार होईना. सरांनी कोणाकडे रदबदली केली नाही. खोली बंद राहिली.

मला वाटलं, आता हे घरी बसतील. पण चार दिवसांनी बघते तर सर परीच्या अंगणात. पायजमा वर खोचलेला, हातात कुऱ्हाड, लाकडं फोडताहेत. आजीला म्हणाले होते, "हात तुमचा मोडला ना? मंग तो जुळेपर्यंत माहे दोन वापरा." आजीनं हाकललं, ते गेले नाहीत. मग ते रोज येऊ लागले. काम त्यांना एकही धड येत नव्हतं. कुऱ्हाडीचा दांडा मोडला. विहिरीत बादली दोरीसकट सोडली. अंगणात वाळत घातलेली मोहफुलं वरखाली करताना निम्मी नालीत. आजी बाजेवर बसून प्लास्टरचा हात उगारत हुकूम सोडी, "अवो सर, तिकडून! तिकडून म्हनते ना! शाळंत का शिकवत होते तुमी, राम जाने!" शेजारपाजारच्या बाया पाणी भरायच्या निमित्तानं हा तमाशा बघायला येत. मीही जाई, खोटं कशाला सांगू.

त्या जाण्यायेण्यातच परीचं मला कळलं. ती अंगणात येतच नव्हती. दाराच्या फटीतून बघे. मोहाखाली हात जोडणारी पोर आता शेजारच्या काळ्या शेळीला बघून किंचाळत होती. अंधार पडायच्या आत आजीच्या लुगड्यात शिरायची. झोपेत उठून बसायची. त्या पहाटे ती भ्याली नव्हती. आजीच्या हाताचं प्लास्टर आणि गावभर झालेली चर्चा, ह्यांनी तिला मागाहून भीती शिकवली होती.

सरांनी हे बघितलं त्या दिवशी त्यांच्या हातून काही काम झालं नाही. सायकल घेऊन निघाले, फाटकाशी थांबले आणि मला म्हणाले, "बाई, मी हिले आधी खोटं धैर्य दिलं, अन् आता हे खोटं भेव आलं. दोन्हीचा धनी मीच." त्यांचे डोळे भरले होते. तुमचं एवढं काय गेलं, असं त्यांना विचारणारी माणसं गावात होती. पण एक लेकरू जंगलाच्या काठावर जन्मभर भेदरून जगणार, ही गोष्ट त्या माणसाला झोपू देत नव्हती. मला ते कळत होतं, कारण तशी भेदरून जगणारी एक बाई त्या गावात होतीच.

शेवटी आजीच बोलली. प्लास्टर निघालं त्या दिवशी सर हातात उरलेलं सरपण घेऊन उभे होते. ती म्हणाली, "सर, हे अशी शेळीले भ्याली तं इथं जगन कशी? तिले तं इथंच राहाचं आहे. मी आनते तिले. पन आता नीट शिकवा."

सर त्या आठवड्यात खोलीतच होते. त्यांनी पहिली गोष्ट केली ती अस्वलाचं हसू काढायची. राळ, मेण, लाकडाचा भुसा असलं काहीबाही कालवून त्यांनी ओठ खाली ओढून बसवले. कलाकुसर त्यांच्या हातात नव्हती, हे कुऱ्हाडीनं सिद्ध केलंच होतं. हसू गेलं, पण अस्वलाची दाढ दुखते आहे असं वाटू लागलं. दुसरी गोष्ट, अस्वलापासून बऱ्याच लांब, दाराच्या बाजूला, त्यांनी जमिनीवर चुन्याची रेघ मारली, कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी.

परी आजीच्या लुगड्याला घट्ट धरून आली. सरांनी किल्ली खिशातून काढली आणि तिला म्हणाले, "आधी काय करायचं?" परी बोलेना. "ठोकायचं. काहून? त्यांच्या घरात आपण चाललो ना, तं आवाज देऊन जायचं. मोहाले जातानाही बोलत जायचं, गाणं म्हणत जायचं. त्याले कळलं पाहिजे आपण येऊन राहिलो. अचानक कोणी घरात शिरलं तं तुही आजी काय करते?"

"हानते," परी म्हणाली. बऱ्याच दिवसांत तिचं हे पहिलं वाक्य होतं.

तिनं दार ठोठावलं. आत गेल्यावर रेघेशी तिचे पाय थांबले. सर तिच्याजवळ उकिडवे बसले. "इथून. याच्या पुढं नाही. तो जिता असो, मेला असो, हसो, रडो. इथून हात जोडायचे." परीनं हात जोडले. दोन्ही नमस्कार म्हटले, अगदी हळू. "आता मागं सरायचं. पाठ नाही फिरवायची, पळायचं नाही. त्याच्याकडे तोंड ठेवून, हळू हळू. मी आहे मागं." आणि तो उंच माणूस तिच्या मागे, स्वतःही उलटा चालत, दारापर्यंत गेला. उंबऱ्याला अडखळून पडला. परी हसली.

"आता भेव लागते का?" जमिनीवर बसूनच त्यांनी विचारलं.

"लागते."

"किती?"

परीनं दोन तळहात समोर धरले, मधे एवढीशी जागा ठेवली. एखादी चिमणी मावेल इतकी.

"तेवढं राहू दे," सर म्हणाले. "तेवढं कामाचं असते."

आजी दारात उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच ओरडली, "उठा आता, का तिथंच बसता?"

पुढच्या आठवड्यात आजीनं गावातून स्वतः लेकरं गोळा केली. जी आई कां-कूं करी तिच्या दारात जाऊन आजी हाक मारी, आणि ती हाक ऐकल्यावर नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. तेव्हापासून आजपर्यंत आमच्या अंगणवाडीची किती लेकरं त्या रेघेवर उभी राहिली आणि उलटी चालत, एकमेकांच्या अंगावर पडत बाहेर आली, ह्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. दाढदुख्या अस्वलाची कोणालाच फार माया वाटत नाही. पण त्याला मान सगळे देतात.

सरांचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते मी सरळच म्हणते. त्यांच्यामुळे मी जेवणासाठी वाघाला बोलावणं सोडलं. संध्याकाळच्या वेळी वस्तीवरच्या बाळंतिणींना भेटायला बांधावरून एकटी जाते, मोठ्यानं बोलत जाते, गाणं म्हणते. लोक म्हणतात, बाईला सरांचं लागलं. लागलंच आहे. भीती अजून आहे, पण परीनं दाखवली होती तेवढीच. खोलीची किल्लीही आता माझ्याकडेच आहे, शाळेनं अजून मागितलेली नाही. कुलूप काढायच्या आधी मी दार ठोठावते. पहिल्या वेळी लाज वाटली होती, आता वाटत नाही.

गेल्या वर्षी, धान निघाल्यावर, तणसाच्या दिवसांत सर गेले. पोतं घेऊन यायचे ते आले नाहीत, त्यांच्या जाण्याचा निरोप आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आमचं अर्धं गाव पवनीला गेलं. म्हातारी झालेली आजी होती, नववीतली परी होती, आणि आयांच्या कडेवर, बोटाला धरून, माझी आत्ताची अंगणवाडी होती.

सरांना अंगणात ठेवलं होतं. फाटक सताड उघडं होतं, माणसं येत-जात होती. परी फाटकाशी थांबली आणि तिनं उघड्या फाटकावर बोटांनी टकटक केलं. माणसं वळून बघू लागली. थोडं थांबून ती आत गेली, मागे सगळी लेकरं. पण सरांपासून बऱ्याच अंतरावर ती उभी राहिली. लेकरंही तिच्या ओळीत उभी राहिली. तिथे चुन्याची रेघ नव्हती.

सरांचा पुतण्या नागपूरहून आला होता. त्याला वाटलं, पोरं भ्याली. तो हलक्या आवाजात म्हणाला, "या ना, जवळ या. पाया पडा." कोणी हललं नाही. लेकरांनी तिथूनच हात जोडले. सर कोणत्या घरचे, हे परीला चांगलं माहीत होतं. तरी ती म्हणाली, "जय भीम, सर. रामराम, सर." मग ती मागे सरू लागली, सरांकडे तोंड करून, हळू. तिच्यासोबत ती चिमुरडी ओळही मागे सरू लागली. अंगणातली माणसं बाजूला होऊन वाट देत होती, त्यांना काही कळत नव्हतं. आजीला कळलं होतं. ती भिंतीला धरून रडत होती, तिच्या त्या आवाजात, मोकळेपणानं.

मग माझी पाळी आली. मीही लांबूनच हात जोडले, मनात म्हणायचं ते म्हटलं, आणि मागे मागे सरत निघाले. डोळ्यांत पाणी होतं, वाट दिसत नव्हती. फाटकाबाहेर लावलेल्या कोणाच्या तरी मोटरसायकलला धडकले, कोपर सोलून निघालं. पाठ मात्र फिरवली नाही.